नगरसेवकांच्या वर्तनावर देखरेख कोणाची?

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये पार पडल्या आणि दीर्घ काळ बंद असलेली सभागृहे पुन्हा लोकप्रतिनिधींसाठी उघडली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येथील सभागृहांची मुदत २०२० मध्येच संपली होती. मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांतील नगरसेवक २०२२ च्या मार्चमध्ये माजी झाले होते. मधल्या काळात प्रशासकांनी कारभार पाहिला. नागरिकांनी दाद मागावी असा निवडून आलेला माणूस शहरात नव्हता, आणि अंदाजपत्रके सभागृहातील चर्चेवाचून मंजूर होत होती. लोकनियुक्त सत्तेचा हा वनवास संपला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु या आनंदाच्या भरात एक जुना प्रश्न पुन्हा मागे पडू नये. निवडून आलेला नगरसेवक पुढील निवडणुकीपर्यंतची पाच वर्षे कसा वागतो, यावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

पूर्वी या प्रतिनिधींना ‘नगरपिता’ म्हणत. पित्याला जाब विचारणे आपल्या घरात कोणाला सुचत नाही. त्यामुळे ‘नगरसेवक’ हा शब्द रूढ झाला तेव्हा लोकशाहीच्या दृष्टीने तो योग्यच झाला. सेवकाकडून हिशेब मागता येतो. मात्र शब्द बदलला तरी हिशेब मागण्याची व्यवस्था बदलली नाही. सेवक म्हणविणाऱ्याचा मालक कोण, तो हिशेब केव्हा मागणार आणि हिशेबात खोट निघाली तर काय करणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आजही धूसर आहेत.

प्रश्न केवळ लाचेचा नाही

नगरसेवकाच्या गैरवर्तनाचा विषय निघाला की आपले मन थेट लाचलुचपतीकडे धावते. ‘टक्केवारी’ हा शब्द तर आता शालेय मुलांनाही परीक्षेच्या गुणांखेरीज दुसऱ्या अर्थाने ठाऊक असतो. परंतु लाच हे गैरवर्तनाचे शेवटचे टोक आहे. त्याच्या अलीकडे एक मोठा करडा प्रदेश पसरलेला असतो. आपल्या मेहुण्याच्या भूखंडावरील शाळेचे आरक्षण उठविण्याच्या ठरावावर नगरसेवकाने मत देणे. भावाच्या संस्थेला पालिकेची जागा नाममात्र भाड्याने देण्याची शिफारस करणे. अतिक्रमण हटविण्यास आलेल्या पथकातील कनिष्ठ अभियंत्याला रस्त्यात उभे करून दमदाटी करणे. ज्या वस्तीने मते दिली नाहीत तिच्या जलवाहिनीचे काम ‘निधी नाही’ म्हणून पुढे ढकलणे. सभागृहात सहकारी महिला सदस्याला अपशब्द वापरणे. यांपैकी बहुतेक गोष्टींत पैशांची देवघेव सिद्ध होत नाही, कित्येकदा ती झालेलीही नसते. तरी सार्वजनिक पदाचा उपयोग खाजगी हितासाठी झालेला असतो, आणि नागरिकाच्या मनातील संस्थेविषयीचा आदर तेवढ्या प्रमाणात झिजलेला असतो.

ही झीज लहान मानता येणार नाही. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. इतर शहरांचे आकडे याहून बरेच लहान असले तरी रस्ते, गटारे, दवाखाने, प्राथमिक शाळा आणि पिण्याचे पाणी यांवर सामान्य माणसाच्या वतीने खर्च करणारी सर्वांत जवळची सत्ता हीच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली, बाराव्या परिशिष्टात १८ विषयांची यादी जोडली. अधिकार देण्याचा विचार झाला. त्या अधिकारांबरोबर यावयाच्या आचारसंहितेचा विचार मात्र त्या मानाने झाला नाही.

कायद्याचे चमत्कारिक लक्ष

कायदा मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईसाठी १८८८ चा, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आहे. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भागीदारी असणारा मनुष्य सदस्य राहू शकत नाही, हा दंडक जुनाच आहे. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबिताने बेकायदा बांधकाम केले, किंवा असे बांधकाम पाडण्यात अडथळा आणला, तर सदस्यत्व जाऊ शकते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास उमेदवार अपात्र ठरतो. राखीव जागेवरून निवडून आलेल्याला जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करावे लागते. आणि १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार पक्षाचा आदेश, म्हणजे ‘व्हिप’, मोडून मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व रद्द होऊ शकते.

ही यादी नीट वाचली की कायद्याचे लक्ष कोठे आहे ते उमगते. नगरसेवकाला मुले किती, हे कायदा मोजतो. त्याने पक्षाच्या विरुद्ध मत दिले काय, हेही तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. परंतु तेच मत त्याने स्वतःच्या लाभासाठी दिले असेल, तर तो लाभ ‘ठेक्यातील भागीदारी’ या चौकटीत बसल्याशिवाय कायद्याला सहसा दिसत नाही. पक्षाशी बेइमानी हा तत्काळ दखल घेण्याजोगा अपराध, आणि शहराशी बेइमानी ही मात्र पुराव्यानिशी सिद्ध करीत बसण्याची गोष्ट, असा हा उफराटा न्याय आहे.

नगरसेवक हा ‘लोकसेवक’ आहे की नाही, याविषयीसुद्धा आपल्याकडे दीर्घ काळ संदिग्धता होती. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, भारतीय दंड संहितेच्या तत्कालीन कलम २१ च्या व्याख्येत नगरपालिकेचा सदस्य बसत नाही. कारण त्याला शासन नेमत नाही, लोक निवडून देतात. त्यानंतर १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा अधिक व्यापक व्याख्या घेऊन आला, आणि राजस्थानातील एका प्रकरणात २०१३ साली त्याच न्यायालयाने, या कायद्यापुरता नगरसेवक हा लोकसेवकच आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे लाचेचा प्रश्न तरी निकालात निघाला. वर उल्लेखिलेल्या करड्या प्रदेशाचे काय, हा प्रश्न तेथेच राहिला.

एकच शिक्षा, आणि तीही फाशीची

या करड्या प्रदेशासाठी आपल्या कायद्यात एक तरतूद आहे. १९६५ च्या अधिनियमातील कलम ४२ असे सांगते की, कर्तव्य बजावताना गैरवर्तन किंवा लाजिरवाणे वर्तन करणाऱ्या सदस्याला राज्य शासन स्वतः होऊन अथवा परिषदेच्या शिफारशीवरून पदावरून दूर करू शकते. वरकरणी तरतूद भक्कम वाटते. परंतु तिच्यात दोन मूलभूत दोष आहेत.

पहिला दोष न्यायाधीशाचा. निर्णय राज्य शासनाचा, म्हणजे व्यवहारात मंत्र्यांचा. मंत्री हे पक्षाचे नेते असतात. आपल्या पक्षाच्या नगरसेवकावरील तक्रार त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षे पडून राहणे आणि विरोधी पक्षाच्या नगरसेवकावरील तक्रारीने तातडीने गती घेणे, ही मनुष्यस्वभावाला धरूनच होणारी गोष्ट आहे. रायगड जिल्ह्यातील उरणच्या नगराध्यक्षांना शासनाने याच अधिनियमातील तशाच स्वरूपाच्या तरतुदीखाली पदच्युत केले होते; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो आदेश रद्द करताना जे सूत्र सांगितले ते मननीय आहे. लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला दूर करणे म्हणजे केवळ तिला शिक्षा करणे नव्हे, तिला निवडून देणाऱ्या मतदारांचेही प्रतिनिधित्व हिरावून घेणे होय. म्हणून असा निर्णय न्यायिक काटेकोरपणाने, कारणे नमूद करून आणि सिद्ध झालेल्या गंभीर गैरवर्तनावरच व्हावयास हवा.

दुसरा दोष शिक्षेचा. शिक्षा एकच, आणि तीही राजकीय जीवनातील फाशीच्या तोलाची. अठराव्या शतकातील इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ मध्ये सांगून ठेवले की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर शिक्षा हटकून होईल या खात्रीमुळे. अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांनी १९६८ साली हाच विचार संभाव्यतेच्या भाषेत मांडला. शिक्षा जितकी जबर, तितके ती देणाऱ्याचे हात थरथरतात. पुरावाही त्याला तितकाच जबर लागतो. ज्या शाळेत बेशिस्त विद्यार्थ्याला केवळ नाव काढून टाकण्याचीच शिक्षा आहे, त्या शाळेत मुख्याध्यापक प्रत्यक्षात कोणालाच शिक्षा करीत नाहीत, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. नगरसेवकांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. समज नाही, दंड नाही, काही काळापुरते निलंबन नाही. आहे ती एकदम पदच्युती. म्हणून ती बहुधा होत नाही, आणि होते तेव्हा तिला राजकारणाचा वास येतो.

याचे फलित म्हणून प्रकरण चिघळत चिघळत थेट फौजदारी न्यायालयात जाऊन पोहोचते. जळगावच्या घरकुल योजनेचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील नगरपालिकेने गरिबांसाठी सुमारे अकरा हजार घरे बांधण्याची योजना आखली. ठेका देताना, उचल देताना, जमिनीची पूर्तता करताना नियम डावलले गेल्याचे आरोप झाले. गुन्हा नोंदविला गेला तो २००६ साली, तेव्हाच्या आयुक्तांच्या तक्रारीवरून. आणि विशेष न्यायालयाने निकाल दिला तो ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. ४८ जण दोषी ठरले. त्यांत माजी मंत्री होते, आणि माजी नगरसेवकांची संख्या मोठी होती. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अंतिमतः न्याय कोणाच्या बाजूने होईल, हा या लेखाचा विषय नाही. योजना आखल्यापासून निकालापर्यंत दोन दशके लोटली. जी मुले त्या घरांत वाढावयाची होती ती प्रौढ झाली. त्या वेळी ठरावाला हात वर करणाऱ्या सामान्य सदस्याला ‘थांब, हे नियमाबाहेर आहे, तुझ्या मताची जबाबदारी तुझ्यावर आहे’ असे सांगणारी, सभागृहाबाहेरची पण शहराजवळची एखादी अधिकारी व्यक्ती असती, तर त्या सदस्यांचे आणि शहराचेही भले झाले असते. पाच वर्षांनी येणारी मतपेटी आणि वीस वर्षांनी येणारा तुरुंग यांच्या मध्ये आपल्याकडे काहीच नाही.

इंग्लंडचा धडा

ज्यांच्याकडून आपण नगरपालिकांचा सांगाडा घेतला त्या इंग्लंडने या प्रश्नाशी अर्धशतक झुंज दिली आहे. तेथील अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. जॉन पोल्सन या वास्तुविशारदाने इंग्लंडच्या उत्तर भागातील नगरसेवकांना आणि अधिकाऱ्यांना पैसे चारून सार्वजनिक बांधकामांची कामे मिळविली, हे १९७० च्या दशकाच्या आरंभी उघड झाले. गृहमंत्री मॉडलिंग यांना १९७२ मध्ये पद सोडावे लागले, न्यूकॅसलचे प्रख्यात नेते टी. डॅन स्मिथ १९७४ मध्ये तुरुंगात गेले. त्यातून रेडक्लिफ-मॉड समिती नेमली गेली आणि १९७५ मध्ये स्थानिक प्रतिनिधींसाठी राष्ट्रीय आचारसंहिता आली. १९९५ मध्ये नोलन समितीने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली: निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व.

२००० च्या कायद्याने इंग्लंडने याच्याही पुढे पाऊल टाकले. सर्व स्थानिक संस्थांतील सदस्यांवरील तक्रारींसाठी एक मध्यवर्ती ‘मानक मंडळ’ स्थापन झाले. परंतु लवकरच त्याच्यापुढे लहानसहान ग्रामपरिषदांतील भाऊबंदकीच्या तक्रारींचा ढीग साचला. लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी एका पत्रकाराला उद्देशून काढलेल्या अनुदार उद्गारांबद्दल न्यायाधिकरणाने त्यांना २००६ च्या फेब्रुवारीत चार आठवडे निलंबित केले, तेव्हा लाखो मतदारांनी निवडलेल्या माणसाला तिघा अनिर्वाचितांनी घरी बसवावे काय, असा गहजब झाला. उच्च न्यायालयाने तो निर्णय त्याच वर्षी रद्द ठरविला. शेवटी २०११ च्या कायद्याने हे मंडळच गुंडाळले गेले. ३१ मार्च २०१२ रोजी त्याचे अस्तित्व संपले.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. प्रत्येक परिषदेने आपली आचारसंहिता करावी, चौकशीच्या वेळी एका ‘स्वतंत्र व्यक्ती’चे मत घ्यावे, एवढेच उरले, निलंबनाचा अधिकार गेला. आर्थिक हितसंबंध लपविणे हा तेवढा फौजदारी गुन्हा ठरला. परिणाम असा की, सहकाऱ्यांना धमकावणाऱ्या सदस्याला फार तर दिलगिरी व्यक्त करण्याची विनंती करता येई. मानकविषयक समितीनेच २०१९ मध्ये सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्यावा, अशी शिफारस केली. सरकारने ती २०२२ मध्ये नाकारली. पुढे सत्तांतर झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने त्याच दिशेने लोकमत मागविले.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. राजधानीत बसून गावोगावच्या सदस्यांच्या जिभेवर पहारा ठेवू पाहणारी यंत्रणा स्वतःच्याच भाराने कोसळते. आणि दात काढून घेतलेली संहिता ही संहिता राहत नाही, सुभाषितसंग्रह होते. पाहिजे ती व्यवस्था या दोहोंच्या मधली: जवळची, स्वतंत्र, आणि बेताच्या पण खऱ्या शिक्षेचे बळ असलेली.

आपल्याच देशातील वाटा

अशा व्यवस्थेसाठी परदेशी पाहण्याचेही फारसे कारण नाही. केरळात सेन समितीच्या शिफारशीनंतर २००० साली पंचायती व नगरपालिकांसाठी वेगळा लोकपाल अस्तित्वात आला. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्या पदावर असतात. निवडून आलेले सदस्य आणि कर्मचारी या दोघांच्याही कारभाराची चौकशी ते करतात, संस्थेचे झालेले नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात. कर्नाटकात महानगरपालिकेच्या प्रत्येक सदस्याने दर वर्षी आपल्या व कुटुंबाच्या मालमत्तेचे विवरण सादर करावे, असे १९७६ च्या कायद्यातच आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली स्थानिक संस्थांसाठी लोकपालाची शिफारस केली. तेराव्या वित्त आयोगाने तर २०१० ते २०१५ या काळातील कामगिरीशी निगडित अनुदान मिळविण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत स्थानिक संस्थांकरिता स्वतंत्र लोकपाल असणे ही एक अट होती. पैशाच्या आमिषाने का होईना, दिशा योग्य होती.

महाराष्ट्राला तर या बाबतीत पूर्वपुण्याई आहे. देशात लोकायुक्तांची संस्था प्रत्यक्षात प्रथम आणणारे राज्य आपलेच. १९७१ चा कायदा आणि १९७२ मध्ये त्याची अंमलबजावणी. परंतु त्या कायद्याने लोकायुक्तांच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे काही दिले नाही, आणि एका राज्यस्तरीय कार्यालयाने शेकडो नगरपरिषदांतील सदस्यांच्या दैनंदिन वर्तनाकडे पाहावे ही अपेक्षाही अवास्तव होय.

याहूनही जुनी पुण्याई आहे ती महात्मा फुले यांची. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ३२ सदस्यांत एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिले. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपण ही गोष्ट सांगू शकतो, कारण कोणी काय मत दिले हे त्या वेळी लोकांना कळले. आजच्या सभागृहांत काय चालते ते पाहावे. कोट्यवधींचे विषय ‘आयत्या वेळचे’ म्हणून पुढे येतात. उपसूचना जोडून ठरावाचे रूपच पालटले जाते. गोंधळात विषय पुकारला जातो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद होते. सर्वांचे मत म्हणजे कोणाचेच मत नव्हे. जबाबदारी अशी विरघळविली की देखरेखीला धरावयाला काही उरतच नाही.

मतदार पुरेसा आहे काय?

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, लोकशाहीत मतदार हाच न्यायाधीश; लोकप्रतिनिधीवर आणखी कोणी पहारेकरी कशाला? तत्त्व म्हणून हे गोड आहे. व्यवहारात मात्र मतदाराचे हात आपण स्वतःच बांधून ठेवले आहेत. मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. एका प्रभागातून बहुधा चार जण निवडून येतात. रस्ता खचला तर चौघांपैकी कोणाला जाब विचारावा, हे मतदाराला कळत नाही आणि चौघांनाही एकमेकांकडे बोट दाखविता येते. शिवाय दर निवडणुकीला आरक्षणाची सोडत निघते आणि प्रभागरचनाही बदलते. आरक्षणाचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा की, आपण पुन्हा याच प्रभागातून उभे राहू शकू याची नगरसेवकाला खात्री नसते. ज्याला पुढची परीक्षाच द्यावयाची नाही त्याला निकालाचे भय कसे वाटावे? मतपेटीचा धाक जेथे स्वभावतःच दुबळा झाला आहे, तेथे दुसऱ्या देखरेखीची गरज अधिकच भासते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देखरेखीच्या नावाने नोकरशाहीचा वरचष्मा होईल. निर्भीड नगरसेवकाला खोट्या तक्रारींत अडकवून गप्प बसविले जाईल. ही भीती निराधार नाही, आणि प्रशासकांच्या राजवटीने तिला पुष्टीच दिली आहे. म्हणूनच देखरेख आयुक्तांच्या वा जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देता कामा नये, आणि मंत्र्यांच्या हाती तर मुळीच ठेवता कामा नये. सभागृहात कोणी कोणावर कितीही कडक टीका करो, ती या कक्षेबाहेर ठेवावी. लिव्हिंग्स्टन प्रकरणाचे तात्पर्य तेच आहे. प्रश्न मतांचा नसून हितसंबंधांचा, सत्तेच्या गैरवापराचा आणि कर्मचाऱ्यांवरील व नागरिकांवरील दडपणाचा आहे.

करता येण्याजोग्या चार गोष्टी

पहिली गोष्ट हितसंबंधांच्या नोंदवहीची. निवडणुकीच्या वेळचे शपथपत्र पाच वर्षे पुरत नाही. प्रत्येक सदस्याने दर वर्षी स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची शहरातील स्थावर मालमत्ता, भागीदारी, संस्थांतील पदे यांचे विवरण द्यावे. ते प्रभाग कार्यालयात कोणाही नागरिकाला पाहता यावे. आणि संबंधित विषय निघाला की त्या सदस्याने तसे सांगून सभागृहाबाहेर जावे. यासाठी खर्च जवळजवळ शून्य आहे.

दुसरी गोष्ट मतांच्या नोंदीची. जमिनीची आरक्षणे, ठेके आणि भाडेपट्टे यांविषयीचे ठराव आयत्या वेळी घेण्यास बंदी असावी, आणि अशा प्रत्येक ठरावावर नावानिशी मतदान होऊन ते प्रसिद्ध व्हावे.

तिसरी गोष्ट प्रत्येक महसुली विभागासाठी एका स्वतंत्र स्थानिक लोकपालाची. राज्यात असे सहा विभाग आहेत. निवृत्त न्यायाधीशाची ही नेमणूक मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते आणि उच्च न्यायालयाचे प्रतिनिधी यांच्या समितीने करावी. तक्रारीची प्राथमिक छाननी ठरावीक मुदतीत व्हावी. पोकळ तक्रारी तेथेच फेटाळल्या जाव्यात आणि उरलेल्यांचा निकाल वर्षाच्या आत लागावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षांच्या पायऱ्यांची. प्रथम लेखी समज. मग सभागृहात वाचून दाखविले जाणारे जाहीर ताशेरे. मग समित्यांवरील सदस्यत्व काढून घेणे. त्यानंतर तीन ते सहा महिन्यांचे, मानधनाविना निलंबन. आणि पालिकेचे नुकसान झाले असल्यास त्याची वसुली. पदच्युती ही शेवटची पायरी, तीही न्यायालयीन निर्णयानेच. लहान शिक्षा देणे सोपे असते, म्हणून ती दिली जाते. आणि दिली जाते म्हणूनच तिचा धाक राहतो. शंभरांतील एकाला सुळावर चढविण्यापेक्षा शंभरांतील चाळिसांना वेळीच कान पिळून जागे करणे शहराच्या हिताचे आहे, आणि त्या चाळिसांच्याही.

क्लिटगार्ड या अभ्यासकाने १९८८ मध्ये भ्रष्टाचाराचे एक सुटसुटीत समीकरण मांडले होते: मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार, वजा उत्तरदायित्व. नागरी सत्तेची मक्तेदारी अटळ आहे, कारण एका शहराला दोन पालिका असू शकत नाहीत. स्वेच्छाधिकारही काही प्रमाणात राहणारच, अन्यथा निवडून देण्याला अर्थ उरणार नाही. समीकरणातील एकच पद आपल्या हाती आहे, ते उत्तरदायित्वाचे. तेच आपण आजवर कोरे ठेवले.

हे कायदे करणारे विधिमंडळ आपणहून ते करील, अशा भ्रमात राहू नये. आजचे कित्येक आमदार कालचे नगरसेवक आहेत, आणि नगरसेवक हे पक्षाचे तळातील बळ आहे. मागणी खालूनच यावी लागेल. पालिकेच्या शाळेत शिकविणारा शिक्षक, पालिकेच्या कचेरीत दडपणाखाली टिपणी लिहिणारा कारकून आणि या वर्षी प्रथमच मतदान केलेला विद्यार्थी, या तिघांना नगरसेवकाच्या वर्तनाची झळ सर्वांत आधी लागते. त्यांनी नव्या सभागृहाकडे पहिल्याच वर्षी एवढे तरी मागावे की, कायदा होईल तेव्हा होवो, तुम्ही आपल्या हितसंबंधांची नोंदवही स्वतः होऊन उघडा आणि प्रत्येक ठरावावरचे आपले मत नावानिशी नोंदवा. कोणताही अधिनियम याच्या आड येत नाही. जे सदस्य हे करतील ते सेवक या नावाला पात्र ठरतील. जे करणार नाहीत त्यांना कारण विचारण्याचा अधिकार नागरिकांना आजही आहेच.